पाच हजारात नॉईज गेट कुठला घ्यावा? आधी आवाज कुठून येतोय ते बघूया

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर बेळगावच्या वडगावात, शेजारी दोन्ही बाजूला यंत्रमाग चालतात. गिटार स्ट्रॅट कॉपी (फेंडर स्ट्रॅटोकास्टरची नक्कल), तीन सिंगल कॉइल पिकअपवाली, पिकअप म्हणजे तारांचं कंपन पकडणारा भाग. बोर्डावर ट्यूनर, एक ओव्हरड्राईव्ह, बॉसचं डीएस-१ डिस्टॉर्शन आणि एक स्वस्तातला डिजिटल डिले, सगळ्यांना मिळून एकच अडॅप्टर आणि डेझी चेन, म्हणजे एकाच वायरीला फुटलेल्या अनेक पिना. डिस्टॉर्शनवर पाय ठेवला की गुंऽऽ असा आवाज सुरू होतो, गाण्याच्या मध्ये थांबलं की तोच आवाज मांडवभर, आणि साउंडवाला लांबून बंद कर म्हणून खुणा करतो. बजेट पाच हजार, नॉईज गेट कुठला घेऊ?

भावा, मी टिळकवाडीत गिटारची दुरुस्ती, पिकअप बदलणं, बोर्डाचं वायरिंग हीच कामं करतो आणि सीझनला ऑर्केस्ट्रात वाजवतोही, त्यामुळं हाच प्रश्न घेऊन लई जण येतात. मॉडेलचं नाव शेवटी सांगतोच, पण तू विचारलेल्या प्रश्नाच्या आत एक दुसरा प्रश्न आहे, गेटनं तुझा त्रास जाणार की नुसता झाकला जाणार. त्याचं उत्तर आधी मिळालं पाहिजे, नाहीतर पैसे जातील आणि गुंऽऽ तसंच राहील.

गेट आवाज गाळत नाही, एवढं पक्कं डोक्यात ठेव. गेट म्हणजे नुसतं एक दार, सिग्नल एका ठरावीक पातळीच्या वर असला की उघडं, खाली गेला की बंद. ती पातळी म्हणजे थ्रेशोल्ड. तू वाजवत असतोस तेव्हा दार उघडंच असतं, म्हणजे नोटबरोबर हम, म्हणजे तो गुंऽऽसुद्धा बाहेर जातो, फक्त नोट मोठी असल्यामुळं तो कानाला कमी जाणवतो. तू थांबलास की दार बंद, शांतता. म्हणजे गेटचं सगळं काम थांबलेल्या वेळेत. तुझी तक्रार फक्त गाण्याच्या मधल्या गॅपची असेल तर गेट बरोबर औषध आहे. पण वाजवतानासुद्धा नोटच्या मागं गुणगुण ऐकू येत असेल, क्लीनवर हळू आर्पेजिओ वाजवताना मागं खर्र होत असेल, तर जगातला कुठलाही महागडा गेट तुला मदत करणार नाही, आवाज जिथं तयार होतोय तिथंच जाऊन तो कमी करावा लागेल.

आता तो कुठं तयार होतोय ते मला इथं बसून सांगता येणार नाही, ते तुझ्या घरातल्या वायरिंगवर, गिटारच्या आतल्या कामावर, अडॅप्टरवर, सगळ्यावर अवलंबून आहे. पण तुला स्वतःला अर्ध्या तासात कळेल. मल्टिमीटर असला तर बरं, नसला तरी बहुतेक सगळं कानानं समजतं.

पहिली टेस्ट सगळ्यात सोपी. डिस्टॉर्शन चालू ठेव, आवाज गुंऽऽ करत असू दे, आणि गिटारचा व्हॉल्यूम नॉब पूर्ण शून्यावर घे. आवाज जवळजवळ गेला तर तो गिटारमधून येतोय. आहे तसाच राहिला तर गिटारचा दोष नाही, तो पुढच्या पेडलमधून, केबलमधून, अडॅप्टरमधून किंवा अँपमधून येतोय. बऱ्याच जणांची अर्धी उत्तरं इथंच मिळतात आणि कुणी हे करूनच बघत नाही.

गिटारमधून येतोय असं निघालं तर व्हॉल्यूम परत वर घे आणि गिटार गळ्यात अडकवून जागच्या जागी हळूहळू गोल फीर. एका दिशेला आवाज मोठा आणि साधारण काटकोनात वळलास की एकदम बारीक, असं झालं तर तो चुंबकीय हम आहे. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकावर गुंडाळलेली हजारो वेढ्यांची तार, ती तारांचं कंपन जसं पकडते तसंच आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मरचं, मोटरचं ५० हर्ट्झचं क्षेत्रही पकडते. तुझ्या केसमध्ये भिंतीपलीकडं मागाच्या मोटर आहेत, म्हणजे संशयाला जागा आहेच. माग थांबलेले असतील तेव्हा एकदा आणि चालू असताना एकदा, बाकी काही न हलवता, त्याच जागी त्याच दिशेला तोंड करून ऐक. फरक पडला तर कळलं. मग बसायची जागा त्या भिंतीपासून आणि मीटर बोर्डापासून लांब घे, हे क्षेत्र अंतर वाढलं की झपकन कमी होतं, खोलीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेलं तरी कानाला कळतं.

यातच अजून एक बघ. पाच पोझिशनच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनला आवाज एकदम पडतो का? पडत असेल तर तुझा मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट चुंबकाचा आहे, दोन पिकअप मिळून हम एकमेकांचा काटतात. हमबकर हा दोन कॉइलचा पिकअप याच तत्त्वावर चालतो, गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरनं १९५५ साली त्याच्या पेटंटचा अर्ज केला तो या गुंऽऽ वरचाच उपाय होता. म्हणजे रिदमला तू आत्ता, एक रुपया खर्च न करता, दुसऱ्या किंवा चौथ्या पोझिशनवर वाजवू शकतोस. सगळ्या कॉपी गिटारींत हे असतंच असं नाही, म्हणून ऐकूनच ठरव.

मग तारांना हात लावून बघ. हात लावला की आवाज कमी होतो, काढला की वाढतो, तर गिटारच्या आतलं शील्डिंग कच्चं आहे, तुझं अंग अँटेनासारखं आजूबाजूचा करंटचा खर्रखर्र गोळा करतंय आणि तारांवाटे ग्राउंड झालं की तो थांबतोय. थोडाफार असा फरक प्रत्येक सिंगल कॉइलला असतो, त्यात घाबरायचं काही नाही. जास्त असेल तर पिकगार्ड उघडून आतल्या खोबणीला तांब्याची फॉइल टेप लावायची, टेपचे सगळे तुकडे एकमेकांना जोडलेले आणि ग्राउंडला सोल्डर केलेले पाहिजेत, नाहीतर लावून उपयोग नाही. काही शे रुपयांचं काम आहे. पण हे लक्षात घे की फॉइलनं खर्रखर्र जातो, मोटरचा चुंबकीय हम जात नाही, दोन्ही वेगळे रोग आहेत.

आणि हात लावल्यावर आवाज उलट वाढत असेल तर जॅकच्या दोन वायरी अदलाबदल झाल्यात. निपाणीचा एक पोरगा मागं गेट विकत घेऊनच आला होता माझ्याकडं, म्हणाला गेट खराब आहे, थ्रेशोल्ड पूर्ण फिरवला तरी बंद होत नाही. गिटारची जॅक प्लेट उघडली तर सिग्नलची पांढरी वायर स्लीव्हवर आणि ग्राउंडची काळी टिपवर, आधी कुणीतरी जॅक बदलताना उलटी लावलेली. दोन सोल्डर जॉइंट बदलले आणि त्याचा गेट पहिल्यांदा नीट चालला, कारण आता बंद करण्यासारखा आवाज नोटपेक्षा लहान झाला होता.

आता व्हॉल्यूम शून्यावर असताना आवाज राहिला त्यांचं बघू, आणि तुझ्या डेझी चेनकडं बघून मला वाटतं तुझं थोडं तरी इथलं आहे. कान देऊन ऐक कसला आवाज आहे तो. एकसारखा स्स्स असेल तर तो हिस्स, जास्त गेनचा स्वाभाविक आवाज, डीएस-१ चं डिस्टॉर्शन आणि टोन थोडं मागं घेतलं तर कमी होतो, आणि तो अँपमधून बाहेर ऐकायला जेवढा वाईट वाटतो तेवढा बँडमध्ये कळत नाही. गुंऽऽ असेल तर ग्राउंडचं किंवा अडॅप्टरचं काम. आणि बारीक शिट्टी किंवा किर्रर्र टिकटिक असेल तर डिजिटल डिले, त्याच्या आतला क्लॉकचा आवाज डेझी चेनच्या सामायिक ग्राउंडवरून डिस्टॉर्शनमध्ये शिरतो आणि डिस्टॉर्शन त्याला मोठा करून पुढं पाठवतं.

खात्री करायची असेल तर डीएस-१ मध्ये ९ व्होल्टची बॅटरी घाल, अडॅप्टरची पिन काढ आणि गिटार, डीएस-१, अँप एवढंच जोड. आवाज गेला तर डीएस-१ आणि गिटार निर्दोष, दोषी बहुतेक पॉवर सप्लाय. मग सगळ्यात स्वस्त उपाय असा की ॲनालॉग पेडल डेझी चेनवरच राहू दे, फक्त डिजिटल डिलेला स्वतःचा वेगळा अडॅप्टर दे. बऱ्याचदा एवढ्यानं शिट्टी जाते. पुढं कधी जास्त आउटपुटचा सप्लाय घेशील तेव्हा डब्यावर आयसोलेटेड (प्रत्येक आउटपुटचं ग्राउंड वेगळं) लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नको. सप्लाय भिंतीतून काढ, सगळ्या केबल काढ, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लाव आणि कुठल्याही दोन आउटपुट सॉकेटच्या मधल्या पिनांना टोचून बघ. पिऽऽ वाजला तर दोन्हीचं ग्राउंड आतून एकच आहे, म्हणजे ती डब्यात घातलेली डेझी चेनच.

एक अजून. काही वेळा डिस्टॉर्शनमधून चक्क धारवाड आकाशवाणी ऐकू येते, कन्नड बातम्या चालू असतात बारीक आवाजात. तो खराब शील्डच्या केबलचा किंवा कच्च्या सोल्डरचा प्रकार, केबल एकेक करून बदलत गेलं की सापडतो.

इथपर्यंत जे सापडलं ते दुरुस्त केल्यावर जो आवाज उरेल, त्याच्यासाठी गेट. सिंगल कॉइल आणि डीएस-१ म्हटल्यावर थोडा उरणारच आणि मांडवात लाईटिंगचे डिमर चालू झाले की वाढणारच, म्हणून गेट घेऊ नको असं मी अजिबात म्हणत नाही. स्वच्छ केलेल्या सिग्नलवर लावलेला साधा गेट घाणेरड्या सिग्नलवरच्या महाग गेटपेक्षा चांगलं काम करतो, हे मी रोज बघतो.

आता गेट निवडायचा मुख्य मुद्दा, इथं जरा नीट लक्ष दे. स्वस्त गेट दोन जातीचे असतात. एका जातीला फक्त इनपुट आणि आउटपुट असतो. दुसऱ्या जातीला त्याशिवाय सेंड आणि रिटर्न असे अजून दोन जॅक असतात. माझा सल्ला सरळ आहे, दुसऱ्या जातीचाच घे, डबा प्लास्टिकचा असला तरी चालेल.

कारण सांगतो. समज तुझ्या गिटारचा क्लीन सिग्नल आणि हम यांच्यात ४० डेसिबलचा फरक आहे, म्हणजे हम नोटच्या शंभराव्या भागाइतका. आता हे दोन्ही डिस्टॉर्शनमधून गेले. डिस्टॉर्शनचं कामच लहान सिग्नल मोठा करायचा आणि मोठ्याचं टोक कापायचं. हम ३० डेसिबलनं वर गेला, नोट मात्र छताला टेकल्यामुळं समज ५ डेसिबलनंच गेली. आधी ४० चा फरक होता, उरला १५ चा. साधा इनपुट आउटपुटवाला गेट तू डिस्टॉर्शननंतर लावलास की त्याला ह्या १५ डेसिबलच्या अरुंद पट्टीतच ठरवायचं असतं की हे संगीत आहे की कचरा. थ्रेशोल्ड जरा खाली तर हम गळतो, जरा वर तर तुझा लांबवलेला स्वर मध्येच कुऱ्हाड मारल्यासारखा तुटतो, आणि बरोबर मध्ये ठेवला तर नोट विरत जाताना गेट उघडझाप करत फडफडतो. म्हणून लोक म्हणतात गेट सस्टेन, म्हणजे स्वराची लांबी, खातो. खरं तर गेटला बिचाऱ्याला बघायलाच नीट मिळत नाही. तोच साधा गेट डिस्टॉर्शनच्या आधी लावला तर त्याला निर्णय नीट घेता येतो, पण मग डिस्टॉर्शनचा स्वतःचा हिस्स त्याच्यानंतर तयार होतो, तो कोण अडवणार.

सेंड रिटर्नवाल्या गेटमध्ये बघायची जागा एक आणि कापायची जागा दुसरी. तो इनपुटला आलेली क्लीन गिटार बघून ठरवतो, तिथं पूर्ण ४० चा फरक आहे, आणि कापतो मात्र रिटर्नला, डिस्टॉर्शननंतर. त्यामुळं गिटारचा हम आणि पेडलचा हिस्स दोन्ही जातात आणि सस्टेन पण राहतो. जोडणी अशी: गिटारमधून ट्यूनर, ट्यूनरमधून गेटचा इनपुट. गेटच्या सेंडमधून ओव्हरड्राईव्ह, त्यातून डीएस-१, डीएस-१ मधून गेटचा रिटर्न. गेटच्या आउटपुटमधून डिले, डिलेमधून अँप. डिले कायम गेटच्या नंतर, नाहीतर डिलेची शेपटी गेट कापून टाकतो आणि ते लई वाईट वाटतं. यासाठी पॅच केबल जास्तीच्या लागतील, त्या बजेटमध्ये धर, आणि अगदी हलक्या घेऊ नको.

मॉडेल. पाच हजारात नवा घ्यायचा असेल तर बेहरिंगरचा एनआर३००. प्लास्टिकचा आहे, पायाखाली जपून वापरावा लागतो, पण सेंड रिटर्न आहे, थ्रेशोल्ड आहे, डीके (दार किती हळू बंद व्हायचं ते ठरवणारा नॉब) आहे. तो ज्याच्या धर्तीवर बनवलाय तो बॉसचा एनएस-२, १९८७ पासूनचा, स्टेजवर भरपूर दिसणारा. तो नवा तुझ्या बजेटमध्ये बसणार नाही, पण जुना मिळाला तर डोळे झाकून घे, त्यातून बाकीच्या पेडलना ९ व्होल्ट द्यायचीही सोय आहे. मूअर नॉईज किलर आणि डॉनर नॉईज किलर हे छोटे, धातूचे, एक थ्रेशोल्ड नॉब आणि हार्ड सॉफ्ट असा स्विच, पण सेंड रिटर्न नाही. एकच डिस्टॉर्शन, तेही कमी गेनवर, बोर्डावर जागा नाही, अशा माणसाला ते चालतात, तुला नाही. आयएसपी डेसिमेटर, टीसी इलेक्ट्रॉनिकचा सेंट्री, हे चांगले आहेत पण वरच्या किमतीचे, आत्ता त्यांच्या नादाला लागू नको.

घरात कुठं जुना झूमचा मल्टिइफेक्ट पडला असेल तर तोही बघ. त्यात झेडएनआर नावाचा नॉईज रिडक्शन असतो आणि काही मॉडेलांत गेटनं कुठला सिग्नल बघून ठरवायचं, गिटारचा इनपुट की इफेक्टनंतरचा, हे सेटिंग निवडता येतं. इनपुट निवडला की वर सांगितलेलाच फायदा मिळतो.

बेळगावात दुकानांतून पेडल कमीच मिळतात, हार्मोनियम, कीबोर्ड आणि अकूस्टिक गिटारचा माल जास्त, त्यामुळं ऑनलाइन नाहीतर गोव्यातून. गोव्यात हॉटेलांत वाजवणारे लोक बोर्ड बदलत असतात, जुना माल चांगला निघतो. जुना घेताना चारही जॅकमध्ये केबल घालून हलवून बघ, नॉब फिरवताना खरखर येते का ऐक, आणि सेंड रिटर्नला एक पेडल लावून खरंच चालतंय का बघितल्याशिवाय पैसे देऊ नको, कारण बरेच जण ते दोन जॅक कधी वापरतच नाहीत आणि बंद पडलेले त्यांना माहीतही नसतं.

सेटिंग. ओव्हरड्राईव्ह आणि डीएस-१ दोन्ही चालू कर, म्हणजे सगळ्यात घाणेरडा आवाज. थ्रेशोल्ड शून्यावर, डीके मध्यावर. तारांवर तळहात ठेवून दाबून धर आणि थ्रेशोल्ड हळूहळू वाढव, आवाज जिथं बंद होतो तिथून केसभर पुढं, बस. मग एक नोट लांब धर आणि विरेपर्यंत ऐक, तुटली तर डीके वाढव. रिदमला झटकन थांबायचं असेल तर डीके कमी, लीडला जास्त. आता गिटारचा व्हॉल्यूम सहावर आणून हलक्या पिकनं वाजव, नोटची सुरुवात खाल्ली जात असेल तर थ्रेशोल्ड थोडा मागं घे. ऑर्केस्ट्रात कन्नड, हिंदी, मराठी सगळं एका रात्रीत वाजवायचं असतं, क्लीन गाण्याला गेट पायानं बंद करायची सवय लाव, हळव्या पिकिंगवर गेट नकोच.

घरचं सेटिंग मांडवात चालेल असं समजू नको. तिथं जनरेटर, डिमर, एलईडी पार लाईट, सगळ्यांचा गोंधळ, त्यामुळं साउंडचेकला लाईटवाल्याला सगळे लाईट लावायला सांग आणि मग थ्रेशोल्ड परत लाव. अँपची लाइन साउंडवाल्याकडं जाताना ग्राउंड लूपचा (दोन वाटांनी ग्राउंड जोडल्यानं येणारा) गुंऽऽ आला तर आयसोलेशनवाला डीआय बॉक्स (अँप आणि मिक्सरच्या मध्ये लावायचा डबा) आणि त्यावरचा ग्राउंड लिफ्ट स्विच वापरा. अँपच्या थ्री पिन प्लगची मोठी अर्थिंगची पिन तोडून किंवा टू पिन लावून आवाज घालवायचा प्रकार काही मंडपांत बघितलाय, तो करू नको आणि कुणी करत असेल तर करू देऊ नको. त्यानं आवाज जातो आणि बिघाड झाला तर करंट तुझ्या तारांवर येतो, तुझा हात तारांवर आणि ओठ माईकला, म्हणजे करंटला जायला रस्ता थेट तुझ्या अंगातून. माईकला ओठ लागताना चिमटा बसला तर तिथंच वाजवायचं थांब, गिटार खाली ठेव, आणि इलेक्ट्रिशियनला जनरेटरचं अर्थिंग बघायला लाव, कार्यक्रम अर्धा तास उशिरा झाला तरी चालतो.

तू आधी व्हॉल्यूम शून्याची आणि बॅटरीची टेस्ट कर आणि काय निघालं ते सांग. आवाज गिटारमधूनच येतोय असं निघालं तर पिकगार्ड उघडायच्या आधी माझ्याशी बोल, फॉइल लावताना स्विचची हॉट (सिग्नलची) वायर तिला टेकली तर गिटार पूर्ण मुकी होते आणि कारण पटकन सापडत नाही.